कोणाची शरियत? मोगादिशूच्या इस्लामी न्यायालयांचं प्रकरण

१८ एप्रिल २००९ ला सोमालियाच्या संसदेने मोगादिशूत एकमताने ठराव केला की यापुढे देशाचा कायदा शरियत. तीन आठवडे जेमतेम झाले असतील, तोच मेच्या पहिल्या पंधरवड्यात त्याच शहरात सरकारवर मोठी चढाई झाली आणि सरकारच्या हातात राजधानीचे मोजके मोहल्ले उरले. चढाई करणारे होते अल-शबाब आणि हिज्बुल इस्लाम या सशस्त्र संघटना, म्हणजे शरियत लागू व्हावी म्हणून ज्यांनी बंदूक उचलली होती तेच. आणि ज्यांच्यावर ती झाली ते राष्ट्राध्यक्ष शेख शरीफ शेख अहमद तीनच वर्षांपूर्वी यांच्यातल्याच अनेकांचे पुढारी होते.

इस्लामी राज्यावर आपल्याकडे चर्चा निघाली की माणसं दोन बाजूंना उभी केली जातात. शरियत हवी म्हणणारे इकडे आणि नको म्हणणारे तिकडे. सोमालियाचं हे प्रकरण या मांडणीत बसत नाही, आणि म्हणूनच ते नीट समजून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं. तिथे शरियत जवळपास सगळ्यांनाच हवी होती. भांडण होतं ते तिचा अर्थ कोणी सांगायचा आणि तो अमलात कोणी आणायचा यावर. या भांडणात हजारो माणसं मेली, आणि मेलेले जवळजवळ सगळे मुसलमानच होते.

कुळं, रूढी आणि शेख

सोमाली लोकांची भाषा एक, धर्म एक, पंथ सुन्नी आणि फिकहची, म्हणजे धर्मकायद्याच्या शास्त्राची, शाखाही एकच, शाफी. (आपल्या कोकणातले मुसलमानही शाफीच. अरबी समुद्राच्या व्यापाराने दोन्ही किनाऱ्यांना जोडलं, त्याची ही खूण.) आफ्रिकेत इतका एकजिनसी समाज क्वचितच सापडेल. तरीही तो आतून कुळांमध्ये विभागलेला आहे. हाविये, दारूद, इसाक, दिर, रहनवेन ही मोठी कुळं, त्यांच्या पोटात शाखा, शाखांच्या पोटात उपशाखा. माणसाची ओळख, त्याचं संरक्षण आणि त्याची देणीघेणी हे सगळं याच उतरंडीतून ठरतं.

सोमालीत पुरुषांचे दोन प्रकार सांगतात: वदाद आणि वरनले. वदाद म्हणजे धर्माचा जाणकार, वरनले म्हणजे भालाधारी. वदादाने निकाह लावावा, मुलांना कुराण शिकवावं, भांडणात मध्यस्थी करावी. राज्य आणि लढाई हे वरनलेचं काम. गुन्ह्यांचा निवाडा बहुतांशी 'हेर' नावाच्या रूढीच्या कायद्याने होई, आणि तो करत कुळातले वडीलधारे. खून झाला तर खुन्याच्या कुळगटाने मिळून मृताच्या गटाला रक्तमोल द्यायचं. पुरुषाच्या जिवाचं परंपरेने ठरलेलं मोल शंभर उंट. इथे एक बारीक पेच आहे. शरियतीच्या लेखी गुन्ह्याला जबाबदार माणूस, तर हेरच्या लेखी त्याचं कूळ. शतकानुशतकं हे दोन्ही शेजारी शेजारी नांदले, कारण वदादाच्या हातात भाला नव्हता.

धर्माला उघडपणे बाजूला सारणारा सत्ताधारी सोमालियात एकच झाला, सियाद बारे. १९६९ ला लष्करी उठाव करून तो सत्तेवर आला. जानेवारी १९७५ मध्ये त्याने कौटुंबिक कायदा आणला आणि वारशात स्त्रीला पुरुषाइतका वाटा दिला. मोगादिशूच्या मशिदीतून शेखांनी निषेध केला, तेव्हा त्यांच्यातल्या दहा जणांना बारेने गोळ्या घालून ठार मारलं. कायद्यामागचा हेतू मला मान्य आहे. पण त्या दहा प्रेतांनी जे केलं ते कुठल्याही प्रचाराला जमलं नसतं. त्यानंतर 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द सोमाली कानांना हुकूमशहाचा शब्द वाटू लागला. बरेच तरुण सौदी अरेबिया, इजिप्त, सुदान इथे शिकायला गेले आणि येताना मुस्लिम ब्रदरहूडचे, आणि सुरुवातीच्या मुसलमानांच्याच वाटेने चाला म्हणणाऱ्या सलफींचे विचार घेऊन आले. घरी आजोबा कादिरिया किंवा सालिहिया तरीकतीचे सूफी, आणि परत आलेला नातू दर्ग्यावरच्या फातिह्याला बिदत, म्हणजे धर्मात घुसवलेली नवी चाल म्हणतोय, अशी दुफळी घराघरांत पडली.

दोर आडवा लावलेलं शहर

जानेवारी १९९१ मध्ये बारे पळाला आणि राज्य म्हणून जे काही होतं ते कोसळलं. मोगादिशू हावियेंच्याच दोन शाखांनी वाटून घेतलं. उत्तरेला अबगाल शाखेचे अली महदी मोहम्मद, दक्षिणेला हबर गिदिर शाखेचे मोहम्मद फराह ऐदीद. अमेरिका आली, संयुक्त राष्ट्रं आली, मार्च १९९५ पर्यंत सगळे निघूनही गेले. उरले ते मुखंड, त्यांचे सशस्त्र पोरगे आणि इसबारो.

इसबारो म्हणजे रस्त्यावरचा अडथळा. दोर आडवा बांधायचा किंवा दगड मांडायचे, बाजूला मागे मशीनगन बसवलेली पिकअप उभी करायची. भाजी घेऊन जाणारा ट्रक, बस, गाढवगाडी, काहीही आलं की पैसे मोजल्याशिवाय पुढे सोडायचं नाही. हद्द बदलली की नवा इसबारो आणि नवे पैसे. अफगोये हे शेतीचं गाव मोगादिशूपासून तीसेक किलोमीटर. तिथून बाजारात माल आणायचा तर वाटेत किती जणांपुढे हात जोडायचे याचा हिशेब व्यापाऱ्याला रोज करावा लागे. बाई माणूस बसमध्ये असेल तर भीती पैशांपुरती राहत नसे.

इस्लामी न्यायालयं उभी राहिली ती या दोराच्या जाचातून. १९९४ मध्ये उत्तर मोगादिशूत शेख अली धीरे यांनी पहिलं ठळक न्यायालय चालवलं. चोरांचे हात तोडले गेले, आणि लोकांनी विरोध करण्याऐवजी सुटकेचा श्वास टाकला. हे वाचताना अंगावर काटा येतो. पण चार वर्षं रोज लुटल्या जाणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहिल्याशिवाय त्या स्वागताचा अर्थ लागत नाही. पुढे शेख डोईजड होतायत असं दिसल्यावर अली महदींनी तो प्रयोग गुंडाळला. मग दक्षिणेत, हबर गिदिरच्या आयर उपशाखेत, तशीच न्यायालयं निघाली.

त्यांची रचना नीट पाहिली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यात आहे. प्रत्येक न्यायालय एका उपकुळाचं असे. पैसा त्या कुळातल्या व्यापाऱ्यांचा, बंदुका त्या कुळातल्या पोरांच्या, कायदा शरियतीचा आणि संमती वडीलधाऱ्यांची. न्यायालय शिक्षा करायचं ती आपल्याच कुळातल्या माणसाला. दुसऱ्या कुळातल्याला हात लावला तर न्याय राहील बाजूला, वैर सुरू होईल. म्हणजे नाव शरियतीचं असलं तरी पायाखाली जमीन हेरची होती. मला हा त्यांचा दोष वाटत नाही. न्यायालयं टिकली ती याच तडजोडीमुळे.

शेख शरीफ याच वातावरणातले. सूफी परंपरेच्या अबगाल घरातले, सुदान आणि लिबियात शिकलेले, मोगादिशूतल्या शाळेत भूगोल शिकवणारे. त्यांच्या एका विद्यार्थ्याला खंडणीसाठी पळवून नेलं, तेव्हा ते मोहल्ल्यातल्या लोकांना घेऊन उभे राहिले आणि न्यायालयाच्या कामात पडले. दुसरीकडे होते हसन दाहिर आवेस. इथिओपियाशी झालेल्या १९७७-७८ च्या ओगादेन युद्धात लढलेले माजी कर्नल, नंतर अल-इतिहाद अल-इस्लामिया या सशस्त्र सलफी संघटनेचे नेते, आणि २००१ पासून अमेरिकेच्या दहशतवाद्यांच्या यादीत. आवेसांच्या पंखाखाली आयर शाखेचाच अदन हाशी आयरो वाढला. अफगाणिस्तानात तयार झालेल्या या तरुणाच्या माणसांनी जानेवारी २००५ मध्ये मोगादिशूतलं इटालियन कबरस्तान उकरून हाडं फेकून दिली आणि तिथे आपला तळ केला. मेलेल्यांना उकरण्याची ही सवय पुढे मुसलमानांच्या कबरींपर्यंत पोहोचली.

सहा महिन्यांचं राज्य

२००६ च्या फेब्रुवारीत मोगादिशूतल्या मुखंडांनी दहशतवादविरोधी आघाडी काढली. तिच्यामागे अमेरिकी गुप्तचर खात्याचा पैसा आहे हे शहरात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांनी पंधरा वर्षं दोर बांधून लुटलं तेच आता परक्यांच्या पैशावर शेखांना पकडणार म्हटल्यावर लोकांनी बाजू निवडायला वेळ लावला नाही. वेगवेगळ्या कुळांची न्यायालयं पहिल्यांदाच एक होऊन लढली. ५ जूनला मोगादिशू आणि १४ जूनला जोहर त्यांच्या हाती आलं.

मग शहराने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं ते पाहिलं. इसबारो उठले. जुलैत विमानतळ आणि ऑगस्टमध्ये बंदर उघडलं, १९९५ पासून बंद असलेलं. रात्री माणसं रस्त्यावर दिसू लागली. जे त्या सहा महिन्यांना केवळ कट्टरतेचा काळ म्हणतात त्यांनी या गोष्टी मोजायलाच हव्यात.

पण कारभार कसा करायचा हे ठरलंच नव्हतं. जूनअखेर जी रचना झाली तिच्यात कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष शेख शरीफ आणि शूरा, म्हणजे सल्लागार सभेचे प्रमुख आवेस. एक देश चालवायला दोन तोंडं. सिनेमागृहं बंद करायची का? बायकांनी कसं वावरायचं? एका न्यायालयाचा काझी 'हो' म्हणे, शेजारच्या मोहल्ल्यातला काही बोलतच नसे. चार जुलैला फुटबॉलच्या विश्वचषकात जर्मनी-इटली उपांत्य सामना होता. मध्य सोमालियातल्या धुसामरेबमध्ये लोक जमून टीव्हीवर सामना बघत होते. न्यायालयाच्या माणसांनी तो बंद करायला लावला, लोक चिडले, गोळीबार झाला. थिएटरचा मालक आणि एक मुलगी, असे दोन जीव गेले. कुराणातल्या कुठल्या आयतीने त्या मुलीला मारलं, हा प्रश्न तेव्हा मोगादिशूतल्या शेखांनी स्वतःला विचारायला हवा होता. नोव्हेंबरात खातवर बंदी आली. खात म्हणजे चघळायचा नशीला पाला. त्याच्या विक्रीवर हजारो बायकांची चूल चालत होती, त्या रस्त्यावर उतरल्या.

दरम्यान बैदोआत आंतरराष्ट्रीय मान्यता असलेलं हंगामी सरकार होतं. (१९९३-९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत भारतीय ब्रिगेड होती तो हाच परिसर.) त्याची संसद धान्याच्या गोदामात भरत होती. राष्ट्राध्यक्ष अब्दुल्लाही युसूफ दारूद कुळातले, इथिओपियाच्या जवळचे, आणि नव्वदच्या दशकात अल-इतिहादशी प्रत्यक्ष लढलेले. मोगादिशूतल्या हावियेंना हे सरकार परकं वाटायचं, आणि दारूदांना न्यायालयं म्हणजे दाढी ठेवलेले हाविये वाटायचे. दोघांचाही संशय अगदी बिनबुडाचा नव्हता. खार्तुममध्ये बोलणी झाली आणि शरद ऋतूत फिसकटली. डिसेंबरात न्यायालयांच्या एका सेनानीने इथिओपियाला सैन्य न्यायला सात दिवसांची मुदत दिली. शरीफांच्या गटाला हे युद्ध नको होतं असं माझं वाचन सांगतं, पण तेव्हा लगाम त्यांच्या हातात उरला नव्हता. इथिओपियाचं लष्कर रणगाडे आणि विमानं घेऊन आलं. २८ डिसेंबरला मोगादिशू पडलं.

न्यायालयं ज्या झपाट्याने विरघळली ते पाहण्यासारखं आहे. शहर पडायच्या आदल्या दिवसांत कुळांच्या वडीलधाऱ्यांनी आपापली पोरं आणि गाड्या परत मागून घेतल्या. ज्यांनी दिलं होतं त्यांनीच काढून घेतलं. राहिले ते, ज्यांना कुळाने काही दिलंच नव्हतं, किंवा ज्यांना कूळच मान्य नव्हतं. तेच अल-शबाब.

शरीफ, आवेस, गोदाने

दोन वर्षं इथिओपियाचं सैन्य मोगादिशूत होतं आणि त्या दोन वर्षांनी अल-शबाबला जितकी पोरं मिळवून दिली तितकी कुठल्याही प्रवचनाने दिली नसती. धर्म आणि देशाभिमान एकाच झेंड्याखाली आले. अल-शबाबचा सेनानी आयरो मे २००८ मध्ये धुसामरेबमध्येच अमेरिकी क्षेपणास्त्राने मारला गेला. सूत्रं अहमद अब्दी गोदानेकडे होती. हा उत्तरेतल्या हर्गेसाचा, इसाक कुळातला, पाकिस्तानात शिकलेला. दक्षिणेत त्याला कुळाचा आधार नव्हता, आणि हेच त्याचं बळ ठरलं. कोणाही वडीलधाऱ्याचा शब्द मोडायला त्याला संकोच नव्हता.

त्याच्या माणसांची शरियत कशी होती हे ऑक्टोबर २००८ मध्ये किस्मायोच्या स्टेडियममध्ये दिसलं. व्यभिचाराच्या आरोपावरून एका मुलीला लोकांसमोर दगडांनी ठेचून मारलं. ॲम्नेस्टीच्या माहितीनुसार ती तेरा वर्षांची होती आणि तिच्यावर बलात्कार झाला होता. ती न्याय मागायला गेली होती. शाफी फिकहमध्ये बळजबरी झालेल्या स्त्रीवर हद्दची, म्हणजे धर्माने नेमून दिलेली, शिक्षा नाही, हे मदरशातला साधा विद्यार्थीही सांगेल. बाराशे वर्षांचा अभ्यास, टीका, मतभेद, पुराव्याच्या कडक अटी हे सगळं बाजूला सारून 'आम्ही थेट कुराण-हदीसवर चालतो' म्हणणाऱ्यांच्या हाती निवाडा गेला की काय होतं, ते तिथे झालं. या प्रकरणातला सगळ्यात दुखरा भाग मला हाच वाटतो.

त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी सूफी शेखांच्या कबरी उकरायला सुरुवात केली. आजवर ज्यांनी राजकारणात बंदूक धरली नव्हती ते सूफी अहलु सुन्ना वल जमाआच्या झेंड्याखाली हत्यार घेऊन उठले आणि त्यांनी अल-शबाबला हुसकावलं ते धुसामरेबमधून. फुटबॉलचा सामना, आयरोची मौत आणि वदादाचा हातात आलेला भाला, तिन्ही एकाच गावात.

शरीफ मात्र जिबूतीत बोलणी करत होते. २००८ च्या करारानुसार इथिओपियाचं सैन्य जायचं ठरलं, संसद वाढवली गेली, आणि ३१ जानेवारी २००९ ला शरीफ राष्ट्राध्यक्ष झाले. आता अल-शबाबने लढायचं कशासाठी? परकं सैन्य म्हणावं तर इथिओपिया निघून गेलं होतं, तरी आफ्रिकी संघाचे युगांडा-बुरुंडीचे सैनिक होते. शरियत म्हणावं तर धर्मपंडितांच्या परिषदेने तीच मागणी केली आणि शरीफांनी ती मान्य केली. म्हणून एप्रिलचा तो ठराव. भूगोलाच्या या शिक्षकाला प्रामाणिकपणे वाटलं असावं की मुद्दाच काढून घेतला की भांडण मिटेल.

मिटलं नाही. अल-शबाबने शरीफांना मुर्तद, म्हणजे धर्म सोडलेला ठरवलं. ठरावाच्या आधीच, मार्चमध्ये, बिन लादेनने त्यांना खाली खेचा असं ध्वनिफितीतून सांगितलं होतं. अल-शबाबचा युक्तिवाद असा की संसदेने मतदान करून मान्य केलेली शरियत ही शरियतच नव्हे. जी मतदानाने येते ती मतदानाने जाईल, म्हणजे अल्लाहच्या हुकमावर माणसाची मोहोर झाली. युक्तिवाद वरून भक्कम दिसतो. पण अल्लाहचा हुकूम अमुक आहे हे शेवटी माणूसच सांगतो, संसद असो की संघटनेचा अमीर, म्हणजे प्रमुख. फरक इतकाच की संसदेला चूक दाखवता येते. गोदानेला चूक दाखवणाऱ्यांचं काय झालं ते पुढे दिसलंच. आवेस एप्रिलमध्येच एरिट्रियाहून परतले होते आणि हिज्बुल इस्लाममधून जुन्या सहकाऱ्याविरुद्ध उभे राहिले. तत्त्वाचा वाद होता, यात शंका नाही. त्याचबरोबर अबगाल शरीफ राष्ट्राध्यक्ष आणि हबर गिदिर आवेस दहशतवाद्यांच्या यादीत, हेही होतं.

३ डिसेंबर २००९ ला मोगादिशूतल्या शामो हॉटेलात बनादिर विद्यापीठाचा पदवीदान समारंभ चालू होता. डॉक्टर होणारी मुलं आणि त्यांचे आईबाप जमले होते. आत्मघातकी स्फोट झाला. मेलेल्या मंत्र्यांत इब्राहिम हसन अद्दो होते, आणि हेच अद्दो २००६ मध्ये न्यायालयांच्या वतीने जगाशी बोलत होते, त्यांचे परराष्ट्र प्रमुख.

त्यानंतर

आवेस २०१० मध्ये अल-शबाबमध्ये सामील झाले आणि २०१३ मध्ये गोदानेच्या माणसांपासून जीव वाचवत पळाले ते सरकारच्या कैदेत. गोदानेने त्या वर्षी आपलेच जुने साथीदार मारले, आणि पुढच्या वर्षी तोही हवाई हल्ल्यात गेला. सप्टेंबर २०१३ मध्ये सुमारे १६० सोमाली धर्मपंडितांनी मोगादिशूत जमून अल-शबाबच्या विरोधात फतवा काढला. त्यांच्यात सूफी होते तसे सलफीही होते. संस्थापकांपैकी मुख्तार रोबो बाहेर पडला, नंतर सरकारने त्याला डांबून ठेवलं, आणि २०२२ मध्ये त्यालाच धर्मखात्याचा मंत्री केलं. ऑगस्ट २०१२ च्या हंगामी राज्यघटनेत इस्लाम राज्याचा धर्म आहे आणि शरियतीच्या तत्त्वांशी विसंगत कायदा करता येत नाही. कागदावर वाद केव्हाच संपला आहे.

आणि आजही मोगादिशूत जमिनीचा वाद असलेला माणूस, सरकारच्या हद्दीत राहणारा, कधी कधी भाड्याच्या गाडीत बसून शहराबाहेर अल-शबाबच्या काझीपुढे जातो. तिथे लाच मागत नाहीत, कूळ विचारत नाहीत असं लोक सांगतात, आणि निकाल लागला की समोरचा तो मोडायची हिंमत करत नाही. जाणाऱ्याला त्यांचं राज्य हवं असतं असं नाही. बापाच्या नावाचा तो तुकडा त्याला परत हवा असतो, आणि त्यासाठी तो त्याच अफगोयेच्या दिशेच्या रस्त्याने निघतो.